पेटीतला आंबा आषाढापर्यंत

पेटी घरी आली की पहिले चार दिवस सगळे नुसते अढी चाचपत असतात. मग एका सकाळी डोळे उघडावेत तर पेटीतले सगळेच आंबे एकदम तयार! घरात माणसं चार, आंबे चार डझन. शेजारी द्यायचे तर त्यांच्याकडेही हीच अवस्था. दोन दिवस रसपोळी होते, तिसऱ्या दिवशी मुलं नाक मुरडतात आणि चौथ्या दिवशी तळाच्या आंब्यांतून पाणी सुटायला लागतं.

ज्यांनी आजवर एकही बरणी भरलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आंबा, कैरी आणि रातांबे (कोकमाची फळं) यांच्यावर भर आहे, कारण ही कामं मी स्वतः बिघडवत शिकलोय. बाकीच्या फळांचं शेवटी थोडक्यात.

आधी थोडं डोक्यात, मग पातेल्यात

फळ नासतं त्याला दोन कारणं. एक म्हणजे बुरशी, यीस्ट आणि बॅक्टेरिया. दुसरं, फळातली स्वतःचीच विकरं (एन्झाइम्स), जी फळ तोडल्यानंतरही त्याला पिकवत, मऊ करत, काळं पाडत राहतात. आपल्या हातात उपाय चारच: गोठवा, वाळवा, साखरेत किंवा मिठात घाला, नाहीतर आंबटपणा राखून तापवा. साखर जंतूंना मारत नाही, ती पाणी बांधून ठेवते. पाकात साखर शेकडा ६५ च्या पुढे गेली की जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. ‘साखर जरा कमी घालते, फार गोड नको’ असं म्हणून केलेला साखरांबा आठव्या दिवशी फेसाळतो, तो यामुळे. साखर कमीच हवी असेल तर जरूर करा, पण तो फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. बाहेर ठेवायच्या बरणीत मात्र साखरेशी घासाघीस चालत नाही.

कुठला आंबा घ्यायचा

माझं मत घरातल्या कुणालाच पटत नाही, पण सांगतो. हापूस खायला ठेवा, टिकवायला रायवळ किंवा पायरी घ्या. रायवळ आंबट असतो, स्वस्त असतो आणि आंबापोळीला त्याच्याइतका चांगला आंबा नाही. कोकणात साठं (म्हणजे आंबापोळीच) घालायला जुनी माणसं रायवळच वापरत. शहरात तो सहसा मिळत नाही, तेव्हा हापूस, केशर, पायरी यातलं जे परवडेल ते घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते खाताना बघा. रस गोठवायचा असेल तर त्या नावासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

हापूसच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: साका. वरून सोनेरी, देखणा आंबा कापला की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, बेचव भाग निघतो. बाहेरून तो ओळखता येत नाही. म्हणून टिकवायच्या रसासाठी हापूस नुसता पिळू नका, प्रत्येक फळ कापून बघा. साक्याचा एक आंबा किलोभर रसाची चव उतरवतो.

सालीवर काळे ठिपके असतील आणि आतला गर स्वच्छ असेल तर फळ चालेल. डाग आत उतरला असेल तर तेवढा भाग भरपूर बाजू घेऊन कापून टाका. बुरशीचा वास आला तर अख्खं फळ टाकायचं. ‘जरा उतरलेत, आता रसच करून टाकू’ हा विचार सगळ्यात घातक. वळीव पडून गेल्यानंतरचे आंबेही टाळावेत. त्यात पाणी जास्त असतं आणि फळमाशीची अळी निघण्याची शक्यताही वाढते.

आंबे धुऊन तासभर पाण्यात ठेवा आणि देठाकडचा भाग कापून पहिला चीक काढून टाका. हा चीक रसात गेला तर घशाला खवखवतं.

भांडी

स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. लोखंड, तांबं, पितळ, कल्हई गेलेली भांडी आणि साधं ॲल्युमिनियम नको, फळाचं आम्ल त्यांना खातं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. काचेच्या बरण्या गार पाण्यात बुडवून ते पाणी उकळवा आणि उकळी आल्यावर १० मिनिटं ठेवा. तळाशी एक फडकं घाला. गार बरणी उकळत्या पाण्यात टाकली की तडकते, हे मी दोन बरण्या देऊन शिकलो. मग स्वच्छ पंचावर उपड्या घालून पूर्ण कोरड्या होऊ द्या. चिनी मातीची बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात दिवसभर ठेवा. ‘पूर्ण कोरडी’ याचा अर्थ आत हात घातल्यावर दमट लागता कामा नये. बरणी बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा ओला चमचा किंवा ओली बरणी हेच असतं.

पहिला प्रयोग: रस गोठवणं

नवख्याने सुरुवात इथूनच करावी. कारण यात चुकायला फारशी जागा नाही.

१. आंबे कापून गर काढा. कोयीला चिकटलेला गर हाताने पिळून घ्या, पण कोय पाण्यात कालवू नका. ते कोयीचं पाणी त्याच दिवशी प्यायला छान लागतं, साठवायच्या रसात मात्र नको.

२. गर मिक्सरमधून एकदाच फिरवा आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळा. जास्त फिरवला तर हवा मिसळते आणि रंग लवकर काळवंडतो.

३. एक किलो रसाला १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा. साखरेने बर्फाचे खडे बारीक राहतात, लिंबाने रंग टिकतो.

४. झिपच्या पिशव्यांत एका जेवणाला लागेल एवढाच रस भरा. पिशवी आडवी ठेवून दोन बोटांपेक्षा पातळ करा, हवा दाबून काढा आणि सपाट ताटलीवर ठेवून गोठवा. डब्यात भरत असाल तर वर बोटभर जागा सोडा, कारण गोठताना रस फुगतो.

५. पिशवीवर तारीख आणि आंब्याचं नाव लिहा. ‘लक्षात राहील’ म्हणाल, तर राहत नाही.

फ्रीझर उणे १८ अंशांवर असेल तर रस आठ-दहा महिने चांगला राहतो. एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधला वरचा कप्पा तेवढा गार होत नाही, तिथला रस दोन-तीन महिन्यांत संपवा. वीज गेली तर दार उघडून बघण्याचा मोह टाळा. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण दोन दिवस गार राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. पिशवी वितळवायची ती रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. एकदा वितळलेला रस पुन्हा गोठवू नका.

काही घरांत रस आधी पातेल्यात तापवून, चटके देऊन मग गोठवतात. रंग जास्त टिकतो हे खरं, पण हापूसचा तो ताजा वास उडून जातो. मी कच्चाच गोठवतो.

बाटलीतला रस: नवख्यांनी जरा थांबा

कोकणातल्या घरांत काचेच्या बाटल्यांत रस भरून, बुचं लावून, मोठ्या पातेल्यात उकळून वर्षभर ठेवायची पद्धत आहे. ते बघून मोह होतो. पण त्यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. हवाबंद बाटलीत वाढणारा बॉट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) बॅक्टेरिया सामू (pH, जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली वाढू शकत नाही. कैरी या रेषेच्या खूप खाली असते. पण पूर्ण पिकलेला गोड आंबा त्या रेषेच्या अगदी जवळ येतो, कधी ओलांडतोही. म्हणूनच जाणती माणसं रसात मोजून सायट्रिक ॲसिड घालतात. या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याने मरत नाहीत, आणि त्याच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. तेव्हा हे काम आधी कुणाच्या तरी शेजारी बसून शिकावं, लेख वाचून नाही. तोवर फ्रीझर आहेच.

आटवलेला रस हा मधला मार्ग. जाड बुडाच्या पातेल्यात रस मंद आचेवर ढवळत आटवायचा, निम्मा झाला की रसाच्या मूळ वजनाच्या पाव ते निम्मी साखर घालायची आणि गोळा कडा सोडेपर्यंत हलवत राहायचं. किलोभर रसाला तासभर सहज जातो. रस दाट झाला की उडतो, आणि उडाला की भाजतो. लांब दांड्याचा कालथा घ्या, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला आणि मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा. गोळा गार झाल्यावर डबा भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. वड्या, शिरा, मोदकाचं सारण यांना हा फार कामाचा.

साखरांबा

नावांचा घोळ घरोघरी आहे. काही घरी साखरांबा म्हणजे किसलेल्या कैरीचा आणि मुरांबा फोडींचा, काही घरी पिकलेल्या हापूसच्या फोडींना साखरांबा म्हणतात. गूळ घातला की गुळांबा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मी इथे कैरीचा सांगतो, कारण ती आंबट असते आणि तिच्यात पेक्टिन (पाक घट्ट धरणारा फळातला घटक) भरपूर असतं. नवख्याला या दोन्ही गोष्टी सांभाळून घेतात.

एक किलो कैरीच्या साल काढलेल्या फोडी किंवा कीस, आणि एक किलो साखर. कैरी फारच आंबट असेल तर सव्वा किलो. फोडी असतील तर पाचेक मिनिटं वाफवून घ्या. फोडी कच्च्या असतानाच साखर घातली तर त्या आकसून चामट होतात. वाफवलेल्या फोडी साखरेत कालवून दोन-तीन तास झाकून ठेवा, पाणी सुटेल. मग मध्यम आचेवर ठेवा, साखर पूर्ण विरघळली की आच कमी करा.

सगळा खेळ पाक कधी झाला हे ओळखण्याचा आहे. आजी दोन बोटांत थेंब धरून तार बघायची. एकतारी ते दोनतारीच्या मध्ये आला की उतरवायचं. ज्यांना तार कळत नाही त्यांच्यासाठी माझी युक्ती: रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून कागदावर लिहून ठेवा. किलो फोडी आणि किलो साखर घातलीत, तर आतला ऐवज साधारण दीड किलोवर उतरला की साखर शेकडा ६५ च्या पुढे गेलेली असते. गॅस बंद करा आणि वजन बघा. जास्त भरलं तर पुन्हा पातेलं चढवा.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आणखी सोपं. समुद्रसपाटीला पाक १०५ अंशांच्या आसपास तयार होतो. मात्र पुण्यात पाणीच ९८ अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश खाली. म्हणून आकडा पाठ करू नका. आपल्या घरी पाणी किती अंशांना उकळतं ते एकदा बघा आणि त्याच्या पाच अंश वर थांबा. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीचा जॅमही याच हिशेबाने करता येतो, फक्त तिच्यात पेक्टिन कमी, म्हणून लिंबू जास्त लागतं.

उतरवण्याआधी वेलची, दोन लवंगा, हवं तर केशर. गरम असतानाच गरम, कोरड्या काचेच्या बरण्यांत भरा. चिनी मातीच्या बरणीत भरायचं तर पूर्ण गार करून. कोमट साखरांब्यावर झाकण लावलं की आत वाफ धरते, ती थेंब होऊन वर पडते आणि नेमकी तिथेच बुरशी येते.

गुळांब्याला गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या. गुळात काड्या, माती काय काय निघतं ते बघाल तर पुढच्या वेळी मी सांगायची गरज राहणार नाही.

आंबापोळी

ऊन आणि धीर, दोनच गोष्टी लागतात. रसाला किलोमागे १०० ते १५० ग्रॅम साखर घाला, रायवळ असेल तर जास्त. स्टीलच्या ताटाला तुपाचा हात फिरवा आणि पळीने रस पातळ पसरा, चार मिलिमीटरहून जाड नको. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि आंबतो. वर मलमलचं फडकं ताणून बांधा, रसाला लागू न देता. मुंग्यांसाठी परातीत पाणी ओतून त्यात वाट्या उपड्या घाला आणि ताट त्यांच्यावर ठेवा.

पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा घाला, हवा तर तिसरा. नंतर कडा सुरीने सोडवून पोळी उलटा आणि खालची बाजू वाळवा. चांगल्या उन्हात तीन ते पाच दिवस लागतात. संध्याकाळी ताटं आत आणायची. एकदा मी गच्चीवर सहा ताटं ठेवून बाजारात गेलो आणि वळीव आला. त्या वर्षी आम्ही आंबापोळी खाल्ली नाही, प्यायलो.

गच्ची नसेल तर ओव्हन ६० ते ६५ अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, आठ-दहा तास. चव उन्हातल्यासारखी येत नाही, पण पोळी होते. दुमडल्यावर स्वतःला चिकटली नाही आणि मोडलीही नाही, म्हणजे झाली. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. मृग लागला की तो डबा फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर पावसाळी हवेत पोळी पुन्हा चिकट होते.

रातांबे

एप्रिल-मेमध्ये कोकणातून कुणी येणार असेल तर आंब्याऐवजी रातांबे आणायला सांगा. फार हाताळू नका, एका दिवसात घरी पोचतील असं बघा, ते फार नाजूक असतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ जात मिळाली तर उत्तम, तिची साल जाड असते.

अमृत कोकम करायला गॅसही लागत नाही. फळं धुऊन पूर्ण कोरडी करा, अर्धी कापा, बिया आणि पांढरा गर वेगळा काढा. सालीच्या दुप्पट साखर घ्या. काचेच्या बरणीत एक थर साली, एक थर साखर असं भरत जा, सगळ्यात वर साखरेचा जाड थर. तोंडाला फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात ठेवा. रोज कोरड्या लाकडी चमच्याने खालवर करा. साखर विरघळून गडद जांभळट लाल रस सुटतो. तो गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ घालून बाटलीत भरा. एक भाग अमृत कोकम, पाच-सहा भाग गार पाणी. तळाला साखर न विरघळता राहिली तर आणखी दोन दिवस ऊन द्या, पाणी घालू नका.

उरलेल्या गोड साली वाळवून ठेवा, मुलं गोळ्यांसारख्या खातात. साखरेऐवजी मिठात केलं की आगळ, सोलकढीसाठी. आमसुलांना जास्त खटपट आहे: साली वाळवायच्या, गराच्या खारट रसात बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, असं चार-पाच वेळा. वेळ असेल तरच त्याच्या वाटेला जा.

दुकानात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मिळतं, सरबतं टिकवायला. कोकम आणि जांभूळ यांना ते घालू नका, रंग उडतो. शिवाय दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. साखर नीट मोजली असेल तर त्याची गरजही पडत नाही.

बाकीची फळं, पटकन

सीताफळाचा गर कधीही तापवू नका, कडू होतो. बिया काढून, लिंबू पिळून, लगेच गोठवायचा. जांभळं धुऊन, कोरडी करून, ताटात सुटी गोठवायची आणि मग पिशवीत भरायची. एकदम पिशवीत घातली तर दगड होतो. पेरूत पेक्टिन इतकं असतं की त्याची जेली पहिल्याच प्रयत्नात जमते. चिकूच्या फोडी वाळवता येतात, डहाणू-घोलवडकडे त्या विकतही मिळतात. केळी वाळवायची ती राजेळी. वसईची सुकेळी तिचीच, पूर्ण पिकलेली केळी सोलून उन्हात सुकवलेली. साधी वेलची किंवा बसराई केळी वाळवून बघितली, चामड्यासारखी झाली.

बिघडलं तर

साखरांब्यात साखरेचे खडे धरले तर पाक पुढे गेला होता. बरणी गरम पाण्यात ठेवा, खडे विरघळले की लिंबाचे थोडे थेंब घालून ढवळा. पाक पातळ राहिला आणि दोनच दिवस झालेत तर परत पातेल्यात घालून आटवा. वर फेस आला, आंबूस वास आला, झाकण फुगलं किंवा उघडताना फस्स आवाज आला, तर चव घेऊन बघू नका, टाका. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचं खायचं ही जुनी सवय आमच्याही घरी होती. बुरशीचे तंतू आणि तिचं विष डोळ्यांना दिसत नाही तिथवर गेलेलं असतं, तेव्हा पूर्ण बरणी ओतायची. म्हणूनच मी आता दोन किलोची एक बरणी भरत नाही, पाव किलोच्या आठ भरतो.